बोंडूच्या दिवसांतली शाई

मला दिली होती शाईची बाटली.
दुसरा मतदान अधिकारी म्हणजे
डाव्या हाताची तर्जनी पाहायची,
नखापासून खाली रेघ ओढायची,
वाळेपर्यंत थांबा म्हणायचं.
वाळपईच्या प्रशिक्षणात सगळं सांगितलं,
बोंडूचं तेवढं कोणी बोललं नाही.

एप्रिल अखेर. शाळेमागे भाटी पेटलेली,
चौथीच्या वर्गात निऱ्याचा आंबूस वास,
फळ्यावर पुसूनही न गेलेला पाढा.
सातच्या ठोक्याला पहिलं बोट आलं
तेच काळं.
दुसरंही. पाचवंही.
बिया पिळून काढणाऱ्यांची बोटं,
चिकानं भाजलेली, सालपटं निघालेली.
त्यांच्यावर माझी रेघ
दिसतच नव्हती.

लोक मत कसं ठरवतात
हे मला विचारू नका. मी बोटं पाहिली.
पण रांग खिडकीलगत होती, आणि कान उघडे.

गेल्या खेपेस नारळाला दिलं, एकजण म्हणाला,
वर्षभरात नारळ शिट्टीत जाऊन बसला.
मग आता शिट्टीला दे.
शिट्टीतला आता पंख्यात आहे.
हसले सगळे, पोलीससुद्धा,
आणि कोणीच रांग सोडून गेलं नाही.

विष्णू गावस आणि त्याचा भाऊ उल्हास
एकाच स्कूटरवरून आले.
एकाचा ट्रक सहा वर्षं चाकांवर कुजतोय, खाण उघडायला हवी.
दुसऱ्याचं कुळागर, खाण चालली की
विहिरीचं पाणी तांबडं.
दोघांची मतं एकमेकांना खाणार, दोघांनाही माहीत.
जाताना उल्हासनं किक मारली
आणि विष्णू मागं बसला.

अकराच्या सुमारास जयवंती माजीक.
पंख्याचा एजंट उठला: हिचं मत झालंय, बोट बघा.
मी बघितलं. काळंच होतं.
केंद्राध्यक्षांनी नियमाचं पुस्तक चाळलं,
त्यात काजू नव्हता.
म्हातारीनं बोट माझ्या नाकाशी धरलं.
"वास घे मास्तर. शाई अशी वासता?"
मी घेतला. तो वास
माझ्या आईच्या पदराचा होता, पण हे
नोंदवहीत लिहिण्यासारखं नव्हतं.
मी लिहिलं: आक्षेप फेटाळला.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती गेली
आणि यंत्र वाजेना.
अर्धा मिनिट. एक.
पुठ्ठ्याखाली तिचे पाय दिसत होते,
एक पाय दुसऱ्यावर घासत होता, मुंगी चावल्यासारखा.
एजंट घड्याळ बघू लागले.
दारात सात दिवसांपूर्वी आलेला नळ,
सुनेला अंगणवाडीत लावतो म्हणालेला पुतण्या,
घराखालची जमीन अजून भाटकाराच्या नावावर,
आणि कोण जाणे काय काय
तिथं तिच्याबरोबर उभं होतं.
अख्ख्या खोलीला
एका बाईसाठी थांबावं लागलं.
हे मी या गावात पहिल्यांदाच पाहिलं.

मग लांबलचक शिट्टी.
ती बाहेर आली, कोणाकडेही न बघता.
"कोणाक गे?" दारातून कोणीतरी.
"तुका सांगपाक गेल्लें व्हय?"

संध्याकाळी आकडा जुळला: सहाशे बारा.
लाख, दोरा, सह्या.
बसमध्ये सगळे झोपले, मी अंगठा चोळत राहिलो,
बाटली दोनदा कलंडली होती.

घरी कपाटात माझा लिफाफा आहे.
टपाली मत. अजून कोरं.
मोजणीच्या सकाळपर्यंत पोचलं तरी चालतं.
फोंड्याला बदलीसाठी मी ज्याच्या दारात
तीनदा चप्पल काढली, त्याचं नाव
वरून दुसरं आहे.
त्यानं काम केलेलं नाही. नाही म्हटलेलंही नाही.

बायको म्हणाली, अंगठ्याला काय झालं?
म्हटलं, काजू.